सातवी शेकोटी

मार्च महिना पोरांच्या परीक्षेचा असतो असं म्हणतात. मला ते पटत नाही. पोरं निदान लिहीत तरी असतात. खरी परीक्षा पर्यवेक्षकाची. तीन तास बोलायचं नाही, वाचायचं नाही, खुर्चीला पाठ लावायची नाही. नुसतं बाकांमधून फिरायचं आणि डोक्यात जे वर येईल ते मुकाट बघायचं. अंबाजोगाईत या दिवसांत अकरालाच ऊन गजांतून आत येऊन फरशीवर बसतं. बाहेर कडुनिंब पानं टाकत असतो. आमच्या हॉलमधला तिसरा पंखा दर फेरीला एकदा कुरकुरतो, आणि दर वर्षी मी ती कुरकुर मोजतो. नव्या पर्यवेक्षकांना मी सांगतो, पेपर कॉपी करणाऱ्यांवर नजर ठेवायला काही लागत नाही, स्वतःवर ठेवायला लागतं. ते हसतात. त्यांना वाटतं सर विनोद करतायत.

यंदा पेपर सुटल्यावर पायऱ्यांवर दोन मुली मोबाईलवर वाकून बोलत होत्या. "अगं, त्या गेमचा तिसरा भाग येतोय. सगळ्या कन्सोलवर चालणार हाय म्हणं. अन् त्याचं रूप बी पयल्यासारखंच करणारेत. दुसऱ्याला लोकांनी लई शिव्या घातल्या ना." मला पाहून त्या जरा सावरल्या, पण एकीनं मोबाईल पुढं केलाच. "सर, तुमी खेळलात का ह्ये कधी?"

पडद्यावर तो उभा होता. खांद्यावरून डोक्यावर ओढलेली घोंगडी, आत काळोख, काळोखात दोन पांढरे ठिपके. बाकी तोंड नाही. "नाही," मी म्हणालो. बैल गेला नि झोपा केला, हे त्या मुलींना सांगून काय उपयोग होता? दवाखान्यात आई तीन दिवसांपासून पडून होती, खुब्याचं हाड मोडून. मला तिकडं जायचं होतं. तरी मी बराच वेळ पायऱ्यांवरच थांबलो.

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या गावी, कड्याला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. कुणीतरी नगरचं गिऱ्हाईक बिघडलेला गेमचा डबा टाकून गेलं ते परत आलंच नाही. दादानं तो उघडला, दुरुस्त केला आणि घरी आणला. आत एकच खेळ होता. त्याचं नाव इंग्रजीत आणि लांबलचक. दादानं ते एकदाच वाचलं आणि म्हणाला, ह्यो घोंगड्या. वहिनी तलवाड्याच्या. त्यांच्या माहेरी मेंढरं. दादा त्यांना चिडवायचा, "तुजा बा निगाला बघ घोंगडं घिऊन." वहिनी पदरानं हसू पुसायच्या. "माजा बा असा वाकून न्हाई चालत. ह्यो तर तुमच्यावानी चालतोय, उजवा खांदा पाडून." आणि खरंच, तो तसाच चालायचा.

त्या खेळात मारामारी फारशी नव्हती. माळावरून चालत जायचं, वारा, अंधार, मधूनच एखादं पडकं देऊळ. बोलणं एका अक्षराचं नाही. आणि एक नियम असा, की वाटेतल्या शेकोटीपाशी जाऊन बसलं तरच तुमचं चाललेलं जपून ठेवलं जायचं. मधेच बंद पडलं तर सगळं पुन्हा मागच्या शेकोटीपासून. आता कड्याची लाईट कुणाला विचारून जात नाही. त्यामुळं आमच्या घरात एक रीतच पडली होती. घोंगड्या दोन शेकोट्यांच्या मधे असला की कुणी हाक मारायची नाही. चहा निवला तरी चालेल. आईसुद्धा स्वयंपाकघरातून विचारायची, "शेकोटी गाठली का रं? मग जेवाया या." ज्या बाईनं उभ्या जन्मात हातात रिमोट धरला नाही तिच्या तोंडी हे वाक्य बसलं होतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी दादानं त्याला सातव्या शेकोटीपाशी आणून बसवलं. पुढं नदी होती. "उद्या उतरू," तो वहिनींना म्हणाला. उसाचा हंगाम भरात होता. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आष्टीहून येताना रस्त्यावर बंद पडलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. मागं दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. त्याच्यापुढचं मी कधी लिहिलेलं नाही आणि आताही लिहीत नाही.

मी तेव्हा इथंच अंबाजोगाईत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. अभ्यासाच्या सुट्टीला फेब्रुवारीच्या शेवटी कड्याला गेलो. मी जो मोसम म्हणतो तो हाच: शिमग्यापासून आखाजीपर्यंतचे दीड-दोन महिने. तो आठवला की पहिल्यांदा वास येतो. कारखान्याच्या मळीचा गोड, सडका वास सगळ्या गावावर पसरलेला असायचा, आणि त्यात आमच्या घरातल्या उदबत्तीचा. पुस्तक उघडून बसायचो. रसायनशास्त्राच्या एकाच पानावर तीन दिवस काढायचो.

दुपारी तीनला वहिनी आतल्या खोलीत येऊन डबा चालू करायच्या. शेकोटीपाशी बसलेला घोंगड्या दिसायचा. जाळ हलायचा, घोंगडीचं टोक वाऱ्यानं हलायचं. वहिनी हातात काहीच घ्यायच्या नाहीत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं नुसत्या बघत बसायच्या आणि बंद करून गहू निवडायला जायच्या. एकदा मी म्हणालो, "वहिनी, पुढं न्यायचा का? नदी उतरू या." त्यांनी मान हलवली. "बसू द्या. त्येंनी बसवलाय."

आता इतक्या वर्षांनी मला कळतं त्या काय बघायच्या. ते चित्र फार थोडक्यात काढलेलं होतं. चार सपाट रंग, दोन ठिपके. ज्यानं काढलं त्यानं बाकीचं आपल्यावर सोडलं होतं. त्या मोकळ्या जागेत वहिनींनी दादाला बसवला होता.

उलट, आमच्या चौकात दादाचं जे श्रद्धांजलीचं फ्लेक्स लागलं त्यात मोकळी जागाच नव्हती. फ्लेक्सवाल्यानं त्याला गोरा केला होता, गालावरचा कांजिण्यांचा व्रण पुसला होता आणि अंगात निळा कोट चढवला होता. दादानं जन्मात कोट घातला नव्हता. वहिनी दहाव्याच्या दिवशी त्याच्यापुढं थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्ये कोन हायत?" आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "सुधारून दिलाय त्यानं फोटो. चांगला केलाय की."

मग शर्टांची गोष्ट आली. आईनं ट्रंकेतून दादाचे शर्ट काढले आणि मला दिले. चांगले कपडे, टाकून कशाला द्यायचे. मीही घातला एक, चौकड्यांचा. हौदापाशी पाठमोरा उभा होतो. मागं तांब्या पडल्याचा आवाज झाला. वहिनी दारात उभ्या होत्या, पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यो सदरा काडा." मी काढला. पण टाकला नाही, घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

एप्रिलमध्ये आईनं विषय काढला. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "वर्सश्राद्ध झालं की तुमचं दोघांचं उरकून टाकू. परक्या घरात कावून धाडायची तिला? हाताखालची पोर हाय. आत्याबाई आत्याबाई करत मागं असती. तू हायस की." आमच्याकडं हे काही जगावेगळं नाही. थोरला गेला की धाकट्यानं भावजयीला पदरात घ्यायचं; घरातली लक्ष्मी घरातच राहते असं म्हणायचं आणि पुढं जायचं. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. अण्णा बाहेर सुपारी कातरत होते, तो आवाज थांबला. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि वहिनी पलीकडच्या खोलीत होत्या. भिंत एका विटेची होती.

मी काहीच बोललो नाही. लोक म्हणतात मौन म्हणजे संमती. माझं मौन त्याहून वाईट होतं. मला नको म्हणायचं नव्हतं. भावाला जाऊन तीन महिने झाले होते, आणि माझ्या मनात कुठंतरी असं येऊन गेलं होतं की बरं होईल. त्या विचाराची मला लाज वाटली, पण मी तो घालवला नाही.

त्याच आठवड्यात तलवाड्याहून मामा आले, म्हणजे वहिनींचे वडील. खांद्यावर घोंगडी, ऊन असलं तरी. आईनं आपलं म्हणणं त्यांना सांगितलं. मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "माजं न्हाई काई. पर पोरीला इचारा." अण्णा म्हणाले, "इचारू की." मामा चहा पिऊन गेले. कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

मी त्याऐवजी वेगळंच शहाणपण केलं. खेळाचा दुसरा भाग आल्याचं मला एका मित्राकडून कळलं होतं. मला वाटलं, वहिनींना तो आणून द्यावा. नदीपलीकडची गोष्ट असेल त्यात. त्यांचं मन रमेल, आणि मी आणलेल्या वस्तूनं रमेल. हे दुसरं वाक्य मी तेव्हा स्वतःशी म्हटलं नव्हतं, पण होतं ते तेच.

मी आमचा डबा पिशवीत घातला आणि एस.टी.नं नगरला गेलो. दुकानदार म्हणाला, "हा भाग तुमच्या डब्यावर चालणार नाही. कंपनीनं तो दुसऱ्याच डब्यासाठी काढलाय. फक्त त्याच्यासाठी." मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "त्यांचा करार असतो. पुढची गोष्ट पाहिजे तर त्यांच्या दारात या." जुना द्या आणि नवा घेऊन जा, अशी सोय होती. मी क्षणभर घुटमळलो. मग मला दादाचं दुकान आठवलं. जुना फोन देऊन नवा घेणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "काळजी करू नगा, सगळं नव्यात येतं." फोटो, नंबर, मेसेज, सगळं यायचं. मी ते कितीतरी वेळा ऐकलेलं. मला वाटलं घोंगड्याही येईल, शेकोटीसकट. दुकानदाराला मी विचारलंही नाही. मोबाईलवाल्याचा भाऊ ना मी, मला काय कुणी शिकवायचं.

नवा डबा पाहून आईनं कपाळाला आठ्या घातल्या. "वर्साच्या आत नवी वस्तू आनलीस व्हय घरात?" मी म्हणालो, वहिनींसाठी आहे. तिच्या आठ्या विरल्या. तिला त्यातला अर्थ आवडला असावा.

तीन वाजता वहिनी आल्या. मी मोठ्या दिमाखात दुसरा भाग लावला. माळ तोच, पण आता गवताची काडीन् काडी दिसत होती. दगडावरचं शेवाळ दिसत होतं. माणूस पाठमोरा उभा होता. मग तो वळला आणि त्यानं घोंगडी मागं सारली.

आत तोंड होतं. दाढी, भुवया, नाकावरचा घाम, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. कुणीतरी देखणा परका माणूस होता. आणि तो बोलायला लागला. खणखणीत आवाजात, न थांबता.

"ह्यो बोलतोय बी?" वहिनी म्हणाल्या.

"हो. आता बोलतो."

त्या दोन-तीन मिनिटं बघत राहिल्या. तो चालायला लागला. ताठ, दोन्ही खांदे सारखे. वहिनी म्हणाल्या, "ह्यो त्यो न्हाई."

"तोच आहे वहिनी. कंपनीनं चेहरा सुधारलाय फक्त. नाव तेच आहे." अण्णांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला होता.

"नाव?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "आडनाव तर तुमचं बी त्येच हाय, भाऊजी."

म्हणजे भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "जुना डबा कुटं हाय?"

मी सांगितलं. सांगता सांगता नव्या डब्याच्या याद्या उघडत होतो, शेकोटी शोधत होतो. एकही यादी अशी नव्हती जिच्यात दादाचं काही असेल. वहिनी तोवर उठून गेल्या होत्या. परातीत गहू पडल्याचा आवाज आला, रोजच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. आईच्या पाया पडल्या, म्हणाल्या, "येते, आत्याबाई." आईला वाटलं चार दिवस माहेरी जातायत. तिनं त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी दिली. मी फाट्यापर्यंत पिशवी धरून गेलो. बीडची गाडी आली तेव्हा म्हणालो, "वहिनी, मी परत आणतो तो डबा." त्या म्हणाल्या, "डबा आनाल वो." आणि गाडीत चढल्या. परत आल्या नाहीत. पुढं कळलं की त्या नर्सिंग शिकल्या. दुसरं लग्न केलं नाही, की केलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. न विचारणं आमच्या घराला जमतं.

गाडी गेल्यावर त्याच दिवशी मी नगरला गेलो. डबा फडताळावर होता. दुकानदार भला माणूस, त्यानं कुरकुर न करता परत दिला. "साफ करून ठेवलाय," तो म्हणाला. "आत मागच्याचं काहीतरी होतं, काढून टाकलं. नव्यासारखा झालाय." घरी येऊन लावला. पहिल्या पडद्यावर एकच ओळ होती, नवा खेळ सुरू करायची. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या वर्षी मी परीक्षेला बसलो नाही.

दादाचं ते फ्लेक्स चौकातून उतरवल्यावर अण्णांनी घरी आणलं. पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर टाकायला दुसरं काही नव्हतं. आईनं हट्ट केला म्हणून चित्राची बाजू खाली केली. पुढं वाऱ्यानं ते उलटलं तेव्हा निळा कोट तेवढा दिसत होता, तोंड उडून गेलं होतं. मला दादा आता असाच आठवतो, थोडक्यात काढलेला. चौकड्यांचा शर्ट, पडलेला उजवा खांदा. व्रण कोणत्या गालावर होता हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

एखाद्या कंपनीला दोष देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढची गोष्ट एकाच दारात बांधून ठेवायची आणि जुन्या माणसाला नवं तोंड लावून, हा तोच, असं सांगायचं, हे त्यांनी धंद्यासाठी केलं. आम्ही तेच मायेपोटी केलं. त्यांची गिऱ्हाइकं निदान शिव्या तरी घालू शकली, म्हणून आता ते चूक सुधारतायत.

असला विचार करत मी त्या दिवशी दवाखान्यात पोचलो. आईच्या खाटेपाशी एक नर्स कागद भरत होती. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. दिसत होते ते फक्त दोन डोळे. मी दारातच थांबलो. वहिनी याच दवाखान्यात आहेत असं मी उडत ऐकलं होतं, आणि म्हणूनच आई पडेपर्यंत इतकी वर्षं इकडं फिरकलो नव्हतो.

त्यांनी आईचं नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. कुणाला विचारलं नाही. मग मान वर केली. "पेशंटचं नातेवाईक कोन हाय?"

"मी," मी म्हणालो. "मुलगा."

त्यांनी तेवढं लिहिलं. सलाईनची नळी नीट केली, उशी सरकवली. आई डोळे किलकिले करून बघत होती. मोतीबिंदूनं तिला आता जेमतेम दिसतं. "पोरी, तू कुटली गं?"

"तलवाड्याची."

"तलवाड्याची एक व्हती आमची," आई म्हणाली. "तिचा हात बी असाच हलका व्हता."

"असंल," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. माफी मागायला आलो होतो आणि तोंडातून निघालं ते हे: "तिसरा भाग येतोय म्हणे. सगळ्या डब्यांवर चालेल. तोंडही काढून टाकलंय, पहिल्यासारखं."

त्या माझ्याकडं वळल्या. "पयला हाय का तुमच्याकडं अजून?"

"डबा आहे. आत काही नाही."

"मंग तिसऱ्याचं काय करू मी?" त्यांनी हातातला कागद दुमडला. "एक पाऊल हलिवला नव्हता म्या त्याला." खालच्या टोकाला कुणीतरी सिस्टर अशी हाक मारली. त्या निघाल्या, दोन पावलांवर थांबल्या आणि मागं न वळता म्हणाल्या, "चारला आत्याबाईंला पानी द्या. दोनच घोट."

मी खाटेपाशी येऊन बसलो. आईचे डोळे मिटलेले होते. मी म्हणालो, "आई, ती नर्स होती ना, ती..."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले नाहीत. "तिला वळख द्यायची नव्हती. मंग म्या बी न्हाई वळखलं."

चार वाजायला दहा मिनिटं होती. मी पाण्याचं भांडं हातात घेऊन बसून राहिलो.